आधी मीटर रूम, मग गच्ची: जुन्या सोसायटीत सौर संच बसवतानाच्या नोंदी

इमारत पुण्यात, कर्वेनगरला. बांधकाम १९९४ चं, चार मजले, चोवीस सदनिका, एक लिफ्ट आणि लिफ्ट-पंपापुरता जनरेटर. नोव्हेंबर २०२४ च्या सभेत सामाईक मीटरसाठी गच्चीवर सौर संच बसवायचा ठराव झाला. मी कारखान्यात मेंटेनन्सला होतो, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी एकच अट घातली: आधी खालचं वायरिंग तपासायचं, दुरुस्त करायचं आणि मगच पॅनेल वर चढवायचे. गच्चीवरची वीज शेवटी जिन्याखालच्या तीस वर्षं जुन्या जोडांतूनच वाहणार आहे. या अटीमुळे काम तीनेक महिने लांबलं. ते का लांबलं आणि त्यातून काय हाती आलं, हे अशाच इमारतीत काम काढणाऱ्यांना उपयोगी पडावं म्हणून लिहून ठेवतो.

८ डिसेंबर २०२४

तपासणीसाठी दोन प्रस्ताव होते. एक सौर संच विकणाऱ्यांचाच, मोफत. दुसरा परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचा, अठरा हजारांचा. दुसरा घेतला. जो माल विकणार त्यानंच इमारत योग्य असल्याचा दाखला द्यायचा, हे मला पटत नाही.

मीटर रूममधून सायकली, रंगाचे डबे आणि थर्माकोलचं जुनं मखर बाहेर काढल्यावर बोर्ड दिसला. मेन स्विचला किटकॅट (चिनी मातीचे, काढता-घालता येणारे) फ्यूज. त्यातल्या एका फेजला (वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी एकीला) फ्यूजतारेऐवजी जाड तांब्याची तार पिळून घातलेली. कधीतरी रात्री फ्यूज वारंवार उडत असेल, कुणीतरी त्याचा बंदोबस्त केला असेल. आता तिथे शॉर्ट सर्किट झालं तर फ्यूज शाबूत राहील आणि केबल जळेल.

थर्मल कॅमेऱ्यानं पाहणी सकाळी सात वाजता केली. हे महत्त्वाचं आहे. दुपारी अकराला पाहिलं असतं तर सगळं थंड दिसलं असतं. सातला घरोघरी गिझर चालू असतात. फेजचे जोड ४० अंशांच्या आसपास होते आणि न्यूट्रल लिंकचा (वीज परत नेणाऱ्या तारेच्या पट्टीचा) एक जोड ९४ अंशांवर. अॅल्युमिनिअमची केबल पितळी स्क्रूखाली तशीच दाबलेली होती. अॅल्युमिनिअम दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू सैल पडतो, वर ऑक्साइडचा थर चढतो, जोड तापतो आणि तापला की आणखी सैल होतो.

फेजचा जोड सुटला तर त्या फेजवरच्या घरांत अंधार होतो. न्यूट्रल सुटला तर तसं होत नाही. तीन फेजवरची घरं मग एकमेकांच्या मागे जोडल्यासारखी होतात. ज्या फेजवर भार कमी, तिथल्या घरांत व्होल्टेज २३० वरून तीनशेच्या पुढे जाऊ शकतं. गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर एकाच संध्याकाळी दोन टीव्ही आणि एक फ्रिज जळाला होता. तेव्हा आम्ही सगळे 'वरून व्होल्टेज वाढलं' असं धरून चाललो. हा जोड पाहिल्यावर मला आता तसं वाटत नाही.

२२ डिसेंबर

मीटर रूमच्या कामाचे दर मागवले आहेत. तोवर गच्चीवर सावल्या आखून घेतल्या. वर्षातल्या सगळ्यांत लांब सावल्या याच दोन-तीन दिवसांत पडतात, त्यामुळे हा मुहूर्त चुकवू नये. लिफ्टची खोली आणि पाण्याच्या टाक्या यांच्या सावल्यांच्या कडा नऊ, बारा आणि तीन वाजता खडूनं आखल्या. पुण्यात या दिवशी भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशच वर असतो. दोन मीटर उंच टाकीची सावली बाराच्या पुढे पावणेदोन मीटर पडली, तर सकाळी नऊला चार मीटरच्याही पुढे.

विक्रेत्याच्या आराखड्यात याच पट्ट्यात चार पॅनेल होते. संगणकावरच्या चित्रात टाकी जमिनीलगत दाखवली होती. प्रत्यक्षात ती विटांच्या ओट्यावर आहे. आराखडा बदलून घेतला. आता ५४० वॅटचे २२ पॅनेल, म्हणजे ११.८८ किलोवॅट. आमच्या सामाईक मीटरचा खप महिन्याला साधारण चौदाशे युनिट आहे आणि आपल्याकडे एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास देतो, म्हणजे हे पुरेसं आहे.

५ जानेवारी २०२५

आज अर्थिंग.

लिफ्टच्या देखभालीच्या जुन्या कागदात अर्थिंगचा रोध (जितका कमी तितका बरा) ०.८ ओहम लिहिलेला आहे. आकडा इतका चांगला की मला शंका आली. पुण्याच्या मुरमाड जमिनीत, तीस वर्षांच्या पाइपला ०.८? कंत्राटदारानं पट्टी खड्ड्यापासून सोडवून, दोन खुंट्या दूर ठोकून मोजलं: ३८ ओहम. जुनं मोजमाप पट्टी न सोडवता झालं असणार. तसं केलं की मीटर खड्ड्यासोबत इमारतीची सळई आणि पाण्याचे पाइपही मोजतो. दुसरा खड्डा सापडेनाच. पार्किंगला फरश्या घातल्या तेव्हा तो फरशीखाली गेला. फरशी फोडली तर पाइपाचा वरचा हातभर भाग गंजून भुगा झालेला.

नवीन तीन अर्थिंग घ्यायचं ठरलं. दीड मीटरवर मुरूम संपून काळा दगड लागला. दोन खड्डे ब्रेकर लावून तीन मीटरपर्यंत नेले, तिसऱ्या ठिकाणी नाद सोडून कुंपणालगतच्या वाफ्यात बारा मीटर लांब चर घेतला आणि जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) पट्टी आडवी पुरली. दगडात खोल जाण्यापेक्षा मातीत आडवं जाणं परवडलं. दोन खड्ड्यांत सहा मीटरचं अंतर ठेवलं. जवळ जवळ घेतले तर दोन खड्ड्यांचे पैसे जातात आणि फायदा दीड खड्ड्याचा होतो.

मजुरांच्या मुकादमाचा आग्रह होता, "साहेब, मीठ-कोळसा घातल्याशिवाय अर्थिंग धरत नाही." मीठ घातलं की आकडा त्या वर्षी छान येतो हे खरं; पण तेच मीठ लोखंड खातं आणि दोन पावसाळ्यांत वाहूनही जातं. आमचा जुना पाइप असाच गेला. आम्ही बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) भरलं.

वेगवेगळे मोजल्यावर ११, १४ आणि ९ ओहम, तिन्ही एकत्र ४.२. खर्च ७८ हजार. सौर संचाच्या आराखड्यात एसी, डीसी (पॅनेलची बाजू) आणि वीजरोधक (आभाळातून पडणारी वीज जमिनीत नेणारा) अशा तिन्हींना स्वतंत्र खड्डे होते, एकमेकांशी न जोडलेले. आम्ही तिन्ही जमिनीखालून पट्टीनं जोडून घेतले. वीज पडली तर न जोडलेल्या दोन खड्ड्यांमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो फरक उपकरणांतून वाट काढतो.

१२ जानेवारी

समितीच्या बैठकीत सचिवांनी विचारलं, "एवढं अर्थिंग केलं, आता शॉक बसणार नाही ना?" प्रश्न योग्य होता, म्हणून फळ्यावर आकडेमोड करून दाखवली. तीच इथे देतो, कारण चांगलं अर्थिंग म्हणजे सुरक्षितता हा समज सगळीकडे आहे.

समजा गिझरच्या पत्र्याला फेज लागली. प्रवाह फेजमधून पत्र्याला, पत्र्यातून आपल्या खड्ड्याला, आणि जमिनीतून रोहित्राच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) अर्थिंगकडे जाणार. वाटेत फक्त आपला ४.२ ओहमच धरला तरी २३० भागिले ४.२, म्हणजे ५५ अँपिअर. घराचा मेन एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) ३२ अँपिअरचा, सी प्रकारचा. तो झटक्यात पडायला पाच ते दहापट प्रवाह लागतो, म्हणजे १६० ते ३२० अँपिअर. ५५ अँपिअरला तो तापून पडेल, पण त्यात मिनिटभर किंवा जास्तही जाईल. तेवढा वेळ गिझर, नळ आणि ओली फरशी जिवंत राहणार.

३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला (वीज गळाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचला) मात्र अर्थिंग शंभर ओहम असलं तरी चालतं. २३० भागिले १००, म्हणजे २.३ अँपिअर, त्याला लागतात त्याच्या सत्तरपटीहून जास्त. माणसाचा जीव वाचवणारी वस्तू ती. आमच्या चोवीस घरांपैकी ती तीन घरांत होती.

ठराव झाला: मीटर रूमचं काम सोसायटीच्या दुरुस्ती निधीतून, घरातला आरसीसीबी ज्याच्या त्याच्या खर्चानं, मजुरीसह साधारण २,९०० रुपये.

१९ जानेवारी

मीटर रूमचं काम. सकाळी सहा ते संध्याकाळी साडेसात वीज बंद. चारला संपेल असं सांगितलं होतं. उशीर झाला तो केबलच्या लगमुळे (केबलच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोप्या): मागवलेले लग तांब्याचे आले, आम्हाला अॅल्युमिनिअम केबल तांब्याच्या बसबारला (बोर्डातल्या जाड पट्टीला) जोडायची होती, त्यासाठी दोन धातूंचेच लग हवेत. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "पेस्ट लावून बसवतो, चालतं." ९४ अंशांचा जोड आम्ही ज्यासाठी काढतोय तेच पुन्हा करण्यात अर्थ नव्हता. रविवार असूनही बुधवार पेठेत एक दुकान उघडं मिळालं म्हणून निभावलं. असं काम रविवारी काढायचं तर लग, ग्लँड, नट-वॉशरपर्यंत सगळं शनिवारी हातात घेऊन मोजून ठेवा.

नवीन एमसीसीबी (इमारतीसाठीचा मोठा एमसीबी), बंदिस्त बसबार, व्होल्टेजच्या अचानक लाटेपासून रक्षण करणारा एसपीडी, प्रत्येक घराच्या मीटरनंतर एमसीबी. खर्च २ लाख ३५ हजार. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा कॅमेरा लावला: एकही जोड ४५ अंशांच्या वर नाही.

२ फेब्रुवारी

घरोघरी आरसीसीबी बसवायला सुरुवात. सगळ्यांत जास्त वेळ इथेच गेला आणि सगळ्यांत मोलाचं कामही इथेच झालं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह ताडून पाहतो. परत कमी आलं, किंवा जास्त आलं, की पडतो. जुन्या घरात तो बसवला आणि पडायला लागला की लोक म्हणतात 'माल खराब आहे'. आमच्याकडे पडलेल्या प्रत्येक आरसीसीबीमागे काहीतरी खरं कारण निघालं.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात तो दिवसभर ठीक असायचा आणि रोज संध्याकाळी सातच्या सुमारास पडायचा. घरातली एकेक वस्तू बंद करून पाहिली, काही कळेना. घरमालक वैतागून म्हणाले, "काढून टाका तो, आम्ही तीस वर्षं त्याच्याशिवाय राहिलोय." शेवटी गळती मोजायचा क्लॅम्प मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीभोवती एकत्र लावून सात वाजायची वाट पाहिली. वॉचमननं जिन्यातले दिवे लावले आणि काटा उडाला. जिन्यातल्या दिव्यांना फेज सामाईक मीटरवरून होती आणि न्यूट्रल या घरातून घेतलेला. कधीतरी जिन्यातली वायर तुटली असेल, वायरमननं जवळची दिसली ती जोडली. नऊ वॅटचा एक दिवाही चाळीस मिलिअँपिअरच्या आसपास घेतो. चार दिव्यांचा प्रवाह या घराच्या न्यूट्रलमधून परत येत होता. या घराची वीज मेन एमसीबीनं बंद करून कुणी न्यूट्रल सोडवला असता, तर ती सुटलेली तार दिव्यांमधून जिवंत झाली असती. जिन्याला स्वतंत्र न्यूट्रल ओढला. घरमालकांनी नंतर आपल्या भावाकडेही आरसीसीबी बसवून घेतला.

९ फेब्रुवारी

तळमजल्यावरच्या घरात फ्रिजचं अर्थिंग तपासायला घेतलं. स्वयंपाकघरातला सॉकेट उघडला तर अर्थची पिन आणि न्यूट्रल आतल्या आत वायरच्या तुकड्यानं जोडलेले. त्या सॉकेटपर्यंत अर्थची वायर आलेलीच नव्हती आणि ग्राहकानं 'अर्थिंग दाखवा' म्हटल्यावर कुणीतरी असं दाखवलं. टेस्ट लॅम्प पेटतो, सगळे समाधानी. पण मागे कुठेही न्यूट्रल सुटला, की फ्रिजच्या दारावर २३० व्होल्ट. डिसेंबरात मीटर रूममध्ये पाहिलेला तो ९४ अंशांचा न्यूट्रल याच घराच्या मागे होता. हे दोन दोष एकाच रांगेत उभे होते, हे लक्षात आल्यावर मी त्या घरातल्या लहान मुलांकडे पाहू शकलो नाही. ही युक्ती आणखी पाच घरांत सापडली. अर्थची वायर ओढण्यापलीकडे याला उपाय नाही. जिथे कंड्युट (भिंतीतले वायरीचे पाइप) चोंदले होते तिथे वरून पट्टी मारली. दिसायला बरं नाही, पण चालेल.

पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे गिझर. मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या यंत्रानं) ५०० व्होल्टवर कॉइल ते पत्रा रोध पाहिला: सहा हजार ओहम. किमान एक मेगाओहम (दहा लाख ओहम) हवा. २३० व्होल्टला हा हिशेब ३८ मिलिअँपिअरचा होतो. काकू म्हणाल्या, "अरे, नळाला झिणझिण्या येतात म्हणून मी वर्षभर रबरी चपला घालूनच आंघोळ करते." कुणाला सांगितलं का नाही, असं विचारलं तर म्हणाल्या, "मला वाटलं वयामुळे वाटतं." त्याच दिवशी कॉइल बदलली. वायरही दीड एमएमची होती, अडीच एमएमची घातली.

एक नुकसान नोंदवतो. चौथ्या मजल्यावर कंत्राटदाराच्या नव्या मुलानं फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये मेगर मारला, दिवे न काढता. चार एलईडी पॅनेलचे ड्रायव्हर गेले. भरपाई कंत्राटदारानं दिली. फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून, त्या जोडीचा अर्थशी रोध मोजायचा. आणि त्याआधी एसपीडी व प्लगमधलं सगळं काढून ठेवायचं.

बसवलेला प्रत्येक आरसीसीबी यंत्रानं तपासला. निम्म्या प्रवाहाला, १५ मिलिअँपिअरला, पडता कामा नये. ३० ला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडला पाहिजे. १५० ला ४० च्या आत. वरचं टेस्टचं बटण दाबणं पुरेसं नाही, त्यानं फक्त आतलं यंत्र हलतंय एवढं कळतं. नव्या मालातला एक ३० ला पडलाच नाही. बटण दाबल्यावर तो पडत होता.

१६ मार्च

कागदपत्रांत महिना गेला. सामाईक वीजजोडणी अजून बिल्डरच्या नावावर होती. तीस वर्षं बिल भरतोय म्हणून कुणी पाहिलंच नव्हतं. नेट मीटरिंगचा (जादा सौर वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करून घेण्याचा) अर्ज ज्याच्या नावे जोडणी त्याचाच लागतो, म्हणून आधी नावात बदल. मग मंजूर भार: राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनुसार गच्चीवरचा संच मंजूर भारापेक्षा मोठा चालत नाही. आमचा भार १० किलोवॅट, संच जवळजवळ बाराचा. भार १५ करून घेतला. संच १० किलोवॅटच्या आत असता तर तांत्रिक व्यवहार्यतेची (संच जोडता येईल का हे वीज कंपनीनं तपासण्याची) पायरी २०२४ च्या सुधारित नियमांनी गळाली असती. वरच्या संचांना त्यासाठी पंधरा दिवस धरलेले आहेत. ज्यांचा खप नऊ-दहा किलोवॅटवर भागतो त्यांनी हा विचार आधीच करावा. आणि वीजबिलावरचं नाव आज संध्याकाळीच पाहून घ्यावं.

पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे, घरगुती ग्राहकाचा ७८ हजारांचा आकडा आपल्याला लागू नाही. सभेत दोन्हींची गल्लत झाली होती. ११.८८ किलोवॅटला २,१३,८४० रुपये होतात. संचाची किंमत करांसह ७ लाख ५ हजार, देशी बनावटीच्या सेलचे पॅनेल धरून. अनुदानाला तेच लागतात.

सांगाडा बसला. गच्चीच्या कोब्याला भोक पाडायचं नाही, ही माझी अट. वॉटरप्रूफिंग एकदा फुटलं की चौथ्या मजल्यावरची दोन घरं कायमची गळणार. काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यावर पाय उभे केले, वजनाचा हिशेब इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घेतला. पुण्यासाठी मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलेला आहे. विक्रेत्याचे ठोकळे त्याला अपुरे निघाले, दीडपट करावे लागले. वरचे एकवीस हजार सोसायटीनं दिले.

६ एप्रिल

डीसी वायरिंग. अकरा-अकरा पॅनेलच्या दोन माळा. एका पॅनेलचं उघडं (काही जोडलेलं नसतानाचं) व्होल्टेज ४९.५, म्हणजे माळेचं ५४५. थंडीतल्या पहाटे ते ५७० च्या आसपास जाईल. इन्व्हर्टरच्या (पॅनेलची डीसी वीज एसी करणाऱ्या यंत्राच्या) मर्यादेत आहे.

दुपारी कॅमेऱ्यानं जोड पाहिले. बहुतेक एमसी-४ जोड (पॅनेलच्या वायरींचे कनेक्टर) ४३ अंश, तीन जोड ७० च्या वर. उघडून पाहिले तर पॅनेलच्या वायरीवरचा कनेक्टर एका बनावटीचा आणि लांबवलेल्या केबलीवरचा दुसऱ्या. खट आवाज येऊन एकमेकांत बसतात, म्हणून बसवले जातात. पण आतली पिन घट्ट धरत नाही. शिवाय एक पिन साध्या पक्कडीनं दाबलेली होती. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून त्याची ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीची ठिणगी जळत राहते. गच्चीवर रात्री कुणी नसतं, पण ही आग दिवसाढवळ्या, भर उन्हात लागते. सगळे कनेक्टर एका बनावटीचे, योग्य क्रिंपिंग टूलनं नव्यानं बसवून घेतले. विक्रेत्याचे दोन दिवस गेले, त्यांनी पैसे मागितले नाहीत.

१३ एप्रिल

इन्व्हर्टरची एसी केबल लिफ्टच्या पॅनेलला जोडलेली दिसली. ते जवळ होतं, केबल वाचली. पण ते पॅनेल जनरेटरच्या चेंजओव्हरच्या (वीज गेली की पुरवठा जनरेटरवर वळवणाऱ्या स्विचच्या) पुढे आहे. वीज गेली, जनरेटर चालू झाला, की इन्व्हर्टरला तीच वीज खरी वाटणार आणि तो जनरेटरवर वीज ढकलायला लागणार. लिफ्ट थांबलेली असेल तर ती वीज जायला जागा नाही. जनरेटर उलटा ढकलला जाऊन बिघडतो. जोड चेंजओव्हरच्या अलीकडे, महावितरणच्या बाजूला नेला. आता जनरेटर चालू असताना सौर संच बंद राहतो.

मेन बंद करून इन्व्हर्टर थांबतो का, हेही स्वतः उभं राहून पाहा. दोन सेकंदांच्या आत थांबला पाहिजे. रस्त्यावर खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव या चाचणीवर आहे. मीटर रूमच्या दारावर 'दोन्हीकडून वीजपुरवठा' अशी लाल पाटी लावली, आणि वॉचमनना सांगितलं की डीसी स्विच पाडला तरी ऊन असेतो पॅनेल ते स्विच ही केबल जिवंतच असते.

२७ एप्रिल

नेट मीटर लागला. आनंद चार दिवस टिकला. रविवारी दुपारी बारा ते दोन संच पुन्हा पुन्हा बंद पडतो, इन्व्हर्टरवर 'व्होल्टेज जास्त' असा दोष.

मीटर रूममध्ये २४८ व्होल्ट, इन्व्हर्टरपाशी त्याच वेळी २५२. नियमाप्रमाणे २५३ ला, म्हणजे २३० च्या ११० टक्क्यांना, संच सुटला पाहिजे. इन्व्हर्टर बरोबर वागत होता. मधली चाळीस मीटरची केबल चार एमएमची. विक्रेत्याचं म्हणणं, "सतरा अँपिअरच तर आहेत, चार एमएम आरामात झेपतं." केबल तापत नव्हती हे खरं. पण वीज वरून खाली ढकलायची तर इन्व्हर्टरला केबलमधली घट भरून काढण्याइतकं व्होल्टेज वाढवावं लागतं आणि ती घट जवळजवळ चार व्होल्ट होती. दहा एमएमची केबल घातली, घट दीड व्होल्टवर आली. ३५ हजार रुपये. निम्मे विक्रेत्यानं दिले, कारण करारात केबलचा आकार लिहिलेला नव्हता. तुमच्या करारात तो लिहून घ्या. रोहित्राचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) पाहावा म्हणून वीज कंपनीकडे आठवड्याच्या व्होल्टेजच्या नोंदींसह अर्ज दिला आहे.

त्याच पेटीतला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही विनाकारण पडत होता. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या इन्व्हर्टरची स्वतःची थोडी गळती असते. उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे तिथे ३०० मिलिअँपिअरचा, पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचा बसवला. घरात ३०, इथे ३००. ही अदलाबदल कुणी उलटी करू नये.

२५ मे

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. वळिवाच्या एका संध्याकाळी विजा कडाडल्या, सकाळी डीसी पेटीतल्या एका एसपीडीची खिडकी लाल. काडतूस बदललं. इन्व्हर्टर वाचला. वळिवानंतर ती खिडकी पाहणं आता वॉचमनच्या वहीत आहे.

१५ जून

सकाळी सात ते साडेनऊ संच उठत नाही, 'इन्सुलेशन कमी' असा दोष. ऊन चढलं की आपोआप ठीक. माळा वेगळ्या करून एक हजार व्होल्टच्या मेगरनं पाहिलं: पहिली माळ ठीक, दुसरी ०.३ मेगाओहम, किमान एक हवा. पॅनेलखाली एक जोड पट्टीतून सुटून गच्चीवर पडला होता, नेमका पाणी वाहून जायच्या वाटेवर. कंड्युटचं एक तोंडही आभाळाकडे उघडं होतं. जोड बदलला, सगळ्या केबली उन्हात टिकणाऱ्या पट्ट्यांनी सांगाड्याला वर बांधल्या, कंड्युटची तोंडं खाली वळवली.

६ जुलै

मे महिन्यात १,३९० युनिट, जूनमध्ये १,०६०. अनुदान जमा झालं. रोहित्राचा टॅप बदलला, दुपारी आता मीटर रूममध्ये २४० च्या आसपास असतं.

राहिलेली कामं: मजल्यामजल्यांतून जाणाऱ्या केबलच्या शाफ्टमधली भोकं आगरोधक मसाल्यानं बुजवणं, दर आलेत, काम दिवाळीआधी. अर्थिंगचं पुढचं मोजमाप एप्रिल २०२६ मध्ये, वळिवाआधी. ओल्या जमिनीत घेतलेला आकडा धरायचा नाही. दोन घरांत आरसीसीबी बाकी. एक घर बंद आहे, मालक बंगळुरूला असतात. दुसऱ्या घरात आजारी माणूस ऑक्सिजनच्या यंत्रावर आहे. ते यंत्र वेगळ्या सर्किटवर घेतल्याशिवाय तिथे हात लावायचा नाही, आणि ते काम येत्या शनिवारी, यंत्राला बॅटरी जोडून. बंद घराला तोवर मीटर रूममध्येच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावून ठेवला आहे.